‘अदृश्य’ विमान पडले कसे?



१९९९ सालच्या मार्च महिन्याची अखेर होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. स्वतंत्र जिल्हा व्हावयास अजून महिना होता. एका खेड्यातील शाळेत मी सातवीच्या वर्गाला प्रकाशाचे परावर्तन शिकवीत होतो, आणि धड्याला थोडा रंग यावा म्हणून बोलून गेलो की, अमेरिकेने असे एक विमान केले आहे की जे रडारला मुळी दिसतच नाही. चारपाच दिवसांतच वर्तमानपत्रात बातमी आली की तेच विमान युगोस्लाव्हियात पाडले गेले. मागल्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, दिसतच नव्हते, तर पाडले कसे?” मला उत्तर ठाऊक नव्हते. ‘परीक्षा जवळ आली आहे, पुस्तकातले वाच’ असे म्हणून मी त्याला खाली बसविले. शिक्षकाच्या हातून अशा गोष्टी घडतात, आणि बहुतेक विसरल्याही जातात; ही मात्र मला विसरता आली नाही. निवृत्त झाल्यावर सवड मिळाली तेव्हा मी या विषयावरचे मिळेल ते वाचले. त्या मुलाला द्यावयाचे राहिलेले उत्तर आज आपणा सर्वांच्या साक्षीने देण्याचा विचार आहे.

विहिरीत वाकून हाक मारली म्हणजे हाक परत येते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. रडार तेच करते. फरक इतकाच की त्याची हाक ध्वनीची नसून विद्युत्-चुंबकीय लहरींची असते. या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. दीडशे किलोमीटरवरील विमानावर आपटून त्या माघारी येण्यास सेकंदाचा हजारावा हिस्सा पुरतो. किती वेळाने परत आली यावरून अंतर, कोणीकडून आली यावरून दिशा. तेव्हा रडारला विमान ‘दिसते’ असे आपण म्हणत असलो तरी वस्तुतः त्याच्या हाती येतो तो केवळ प्रतिध्वनी. ज्याला रडारपासून लपावयाचे आहे त्याने एवढेच साधावयाचे, की आलेली हाक आल्या वाटेने परत जाऊ नये.

हे साधावयाचे कसे? येथे परावर्तनाचा तोच सातवीतला धडा उपयोगी पडतो. आरसा तिरपा धरला तर कवडसा भलतीकडे जातो, धरणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. याच्या उलट सायकलच्या मागे बसविलेली तांबडी चकती पाहा. अंधारात मोटारीचा दिवा कोणत्याही बाजूने येवो, ती चकती तो प्रकाश नेमका त्या मोटारीकडेच परत पाठविते. तिच्या अंगी ही करामत येते ती काटकोनांमुळे. तिच्यात एकमेकांशी काटकोन करणारी बारीक बारीक पृष्ठे दडविलेली असतात. आता आमच्या गोंदियाजवळच्या बिरसीचे उदाहरण घ्या. तेथे महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी धावपट्टी बांधली, आणि आज तेथे वैमानिकांना शिक्षण देणारी शाळा आहे. भाताच्या बांध्यांवरून घिरट्या घालणाऱ्या त्या शिकाऊ विमानांची शेपटी नीट पाहिली तर एक उभे पाते आणि एक आडवे, दोहोंमध्ये काटकोन, असे आढळेल. म्हणजे सायकलच्या चकतीचीच ती मोठी बहीण! नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आपल्या हवाई दलासाठी तयार झालेले ‘सुखोई ३०’ हे विमान फार समर्थ आहे. पण त्याच्याही शेपटीची दोन्ही पाती सरळ उभी आहेत, बाँब व क्षेपणास्त्रे पंखांखाली व पोटाखाली उघडी लटकतात, आणि एंजिनांत हवा घेणारी तोंडे समोर वासलेली असतात. त्या तोंडांतून आत शिरलेली लहर एंजिनाच्या फिरत्या पात्यांवर आपटून खणखणीत परत येते. ते विमान आखले गेले तेव्हा लपणे हा हेतूच नव्हता.

अमेरिकेचे ‘एफ २२’ (पहिले उड्डाण १९९७) किंवा ‘एफ ३५’ (पहिले उड्डाण २००६) यांची चित्रे शेजारी ठेवली म्हणजे भेद कळतो. शेपटीची पाती बाहेरच्या बाजूस कललेली. पंखांच्या व शेपटीच्या कडा परस्परांना समांतर, जेणेकरून लहरी विखुरतील त्या मोजक्या दिशांना, आणि त्या दिशा सहसा शत्रूच्या रडारच्या नसतील. झडपांच्या कडा करवतीसारख्या दातेरी. हवेचा मार्ग आत वाकडा नेलेला, म्हणून एंजिनाची पाती समोरून दृष्टीस पडत नाहीत. शस्त्रे पोटातल्या कप्प्यात, आणि कप्प्याची दारे डागण्याच्या क्षणापुरतीच उघडावयाची. वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक घुमटालासुद्धा धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेला असतो, नाहीतर त्याची खुर्ची आणि शिरस्त्राणच चुगली करावयाचे! इतके करून जे उरते त्यासाठी अंगाला विशिष्ट लेप. त्यात शिरलेली लहर बरीचशी उष्णतेच्या रूपाने जिरते. परंतु मुख्य काम आकाराचे आहे, लेपाचे नव्हे.

गंमत अशी की, या विद्येचे गणित मांडले एका रशियन शास्त्रज्ञाने. प्योत्र उफिमत्सेव यांनी १९६२ साली, धारदार कडांवरून लहरी कशा विखुरतात याविषयी एक प्रबंध लिहिला. त्यांच्या देशाने त्यात लपविण्याजोगे काही आहे असे न मानता तो छापू दिला. अमेरिकेतील लॉकहीड कंपनीच्या लोकांनी त्याचा अनुवाद वाचला आणि त्यावरून विमानाचा प्रतिध्वनी आधीच मोजून पाहण्याची रीत बसविली. त्या काळच्या गणकयंत्रांना वक्र पृष्ठांचा हिशेब झेपत नसे, म्हणून पहिली विमाने हिऱ्याला पैलू पाडावेत तशी सपाट तुकड्यांची झाली. १९७७ साली नमुना उडाला, १९८१ मध्ये ‘एफ ११७’ उडाले. हेच ते माझ्या वर्गातले विमान. ते इतके बेढब होते की गणकयंत्राच्या अखंड मदतीवाचून त्याला हवेत तोल सांभाळता येत नसे, आणि वेगही ध्वनीपेक्षा कमीच.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. त्यासाठी थोडे गणित सोसावे लागेल. दिव्यापासून दुप्पट दूर गेले की उजेड चौथाई होतो. रडारच्या लहरीला हा कर जाताना एकदा आणि येताना पुन्हा एकदा भरावा लागतो. म्हणून अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळावा हिस्सा उरतो. हेच उलट फिरवून पाहा. जे विमान एखाद्या रडारला ४०० किलोमीटरवर कळते ते ४० किलोमीटरपर्यंत कळू नये अशी इच्छा असेल, तर त्याचा प्रतिध्वनी दहा हजारांश करावा लागेल. एवढी तपश्चर्या करून अंतर घटते ते दहापट, आणि ४० किलोमीटर शिल्लक राहतातच. मात्र त्या घटीचे मोल मोठे आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाला ४०० किलोमीटर तोडावयास सुमारे सत्तावीस मिनिटे लागतात. ४० किलोमीटरला तीन मिनिटेही नाहीत. आमच्या नागझिऱ्याच्या रानातला वाघ हरणाला दिसत नाही असे नाही. दिसतो तेव्हा एका झेपेचे अंतर उरलेले असते. मी वर्गात ‘मुळी दिसतच नाही’ म्हणालो, ती माझी चूक होती. ‘उशिरा दिसते’ असे म्हणावयास हवे होते.

२७ मार्च १९९९ च्या रात्री, सर्बियातील बुदानोव्हत्सी गावाजवळ, कर्नल झोल्तान दानी यांच्या तुकडीने याच फटीचा लाभ घेतला. त्यांच्याजवळ १९६० च्या सुमाराच्या रशियन घडणीची क्षेपणास्त्रे होती. तीच जात आपल्या हवाई दलानेही ‘पेचोरा’ या नावाने अनेक दशके वापरली. त्यांचे टेहळणीचे रडार त्याहूनही जुनाट पद्धतीचे, सुमारे दोन मीटर लांबीच्या लहरी सोडणारे. ‘एफ ११७’ चे पैलू पाडले होते ते मुख्यतः काही सेंटिमीटर लांबीच्या लहरींना चकविण्यासाठी. लहर जेव्हा विमानाच्या शेपटीएवढी लांब होते तेव्हा तिला तिरपे-सरळ हा भेद फारसा कळत नाही. ते सबंध पातेच झंकारू लागते. त्यात विमाने रोज ठराविक वाटांनी येत होती. दानींची माणसे नेम धरणारे रडार काही सेकंदच चालू ठेवीत, आणि डागून झाले की जागा सोडीत. विमान सुमारे १३ किलोमीटरवर आले असता क्षेपणास्त्रे सुटली. वैमानिक डेल झेल्को हवाई छत्रीने उतरून वाचला. पुढे निवृत्त झाल्यावर दानी बेकरी चालवू लागले, आणि काही वर्षांनी हे दोघे एकमेकांना भेटले, जेवले, मित्र झाले.

या विमानांचा खर्च आणि निगा हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. लेपाला ओरखडा आला की दुरुस्ती, पोटात मावतील तेवढीच शस्त्रे, हे जाता जाता सांगतो. १४ जून २०२५ रोजी ब्रिटिश आरमाराचे एक ‘एफ ३५’ तिरुवनंतपुरमला अडचणीत उतरले, आणि बिघाडामुळे २२ जुलैपर्यंत तेथेच अडकून राहिले, हे आपण वाचले असेलच.

त्या मुलाने त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला असता, तो मी स्वतःच त्याच्या वतीने विचारतो: असे विमान आपल्याकडे आहे काय? आज नाही. बंगळूरला त्याची आखणी चालू आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने नमुना-विमानांसाठी सुमारे पंधरा हजार कोटी रुपयांस मान्यता दिली. दोन एंजिने, सुमारे पंचवीस टन वजन, शस्त्रांसाठी पोटात कप्पा, बाहेर कललेली शेपटी. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या विमान-प्रदर्शनात त्याची पूर्णाकृती प्रतिकृती मांडली होती. प्रतिकृती उडत नाही. खरे विमान उडावयास अजून काही वर्षे जातील.

तो मुलगा आता चाळिशीला टेकला असून गावीच धानाची शेती करतो. आजच्या भाषणाची वेळ मी त्याला कळविली आहे. परंतु सध्या कापणीचे दिवस आहेत.