मुक्या जिवांचं आरोग्य (भाग ६) : गावचं कुत्रं आणि ताडोबाचा वाघ

मोहफुलांच्या दिवसांत ताडोबाच्या बफरमधली माणसं पहाटेच टोपल्या घेऊन रानात शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग घरची कुत्रीही. गुराख्यासोबत तर ती रोजच जातात. वाटेत वाघाची अर्धवट खाल्लेली शिकार दिसली की तोंड घालतात. रात्री बिबट्या गावात येतो, तो अनेकदा याच कुत्र्यांसाठी. आजाराला गावातून जंगलात जायला एवढी वाट पुरते. यातला सगळ्यांत धास्तीचा आजार म्हणजे डिस्टेंपर.

गोवराच्या विषाणूचा हा भाऊबंद. सुरुवातीला कुत्र्याला ताप येतो, ते खाणं सोडतं, डोळ्यांत चिपडं साचतात, नाक घट्ट शेंबडानं भरतं, हगवण लागते. काही दिवसांनी जरा उतार पडल्यासारखं वाटतं. मग एखाद्या दिवशी काहीतरी चघळत असल्यासारखा जबडा आपोआप हलू लागतो, तोंडाला फेस येतो, झटके सुरू होतात. गाव म्हणतं, कुत्रं पिसाळलं. नुसतं पाहून रेबीज आणि डिस्टेंपर वेगळे ओळखणं पशुवैद्यालाही अवघड असतं, त्यामुळे अशा कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊच नये. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा.

वाघाचा यात काय संबंध? सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गुजरातेत गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं तपासलेल्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत तर १९९४ च्या साथीत सुमारे एक हजार सिंह गेले. तिथल्या दर तीन सिंहांमागे जवळपास एक. त्यानंतर तिथं भोवतालच्या गावांतल्या कुत्र्यांना लस टोचायला सुरुवात झाली. रशियातले वाघही या आजारानं दगावले आहेत. ताडोबात वाघ-बिबट्यांखेरीज रानकुत्रीही आहेत. ती कळपानं राहतात, एकाच शिकारीवर तुटून पडतात. त्यांच्यात हा विषाणू शिरला तर कळपच्या कळप धोक्यात येईल.

डिस्टेंपरच्या विषाणूवर नेमकं औषध नाही. लस मात्र चांगली आहे, फक्त ती एकदा टोचून भागत नाही. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिकारशक्ती लशीलाच निकामी करते, आणि ती कोणत्या पिल्लात कधी ओसरेल याचा नेम नसतो. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एक सुई टोचून ‘झालं लसीकरण’ म्हणणारे मालक इथंच फसतात. रेबीजची लस वेगळी. ती तीन महिन्यांच्या वयात द्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा.

चंद्रपूरचा उन्हाळा ही आणखी एक अडचण. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि इथं पारा ४५ च्या वर जातो. मोटारसायकलच्या डिकीत, बर्फाविना आणलेल्या कुपीत औषध दिसतं तसंच दिसतं, पण त्यातला जिवंत विषाणू मेलेला असू शकतो. लस बर्फाच्या डब्यातून निघाली का, हे मालकानं बिनधास्त विचारावं.

तेच ऊन डिस्टेंपरच्या विषाणूलाही लवकर मारतं. पार्वो या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराचं तसं नाही. रक्ताची हगवण लागून पिल्लू गेलं, तर त्या अंगणात तो विषाणू कित्येक महिने टिकतो. फिनाईलवर विसंबू नये, ब्लिचिंग पावडरचं पाणी वापरावं; आणि लस पूर्ण झाल्याशिवाय त्या अंगणात नवं पिल्लू आणू नये.

घरातल्या मांजराला कुत्र्याचा डिस्टेंपर सहसा आजारी पाडत नाही. त्याची लस वेगळी आहे. मात्र ताप दिसला म्हणून त्याला घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. एका गोळीनंही मांजर दगावतं.

चिपडं आलेलं, खोकणारं कुत्रं घरीच बांधावं, रानात नेऊ नये. ते मेलं तर नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला न फेकता खोल पुरावं, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यासोबत वनरक्षकालाही कळवावं.