विश्लेषण : एकच हेडफोन प्रत्येकाला वेगळा का वाटतो?

एकाला दमदार वाटणाऱ्या हेडफोनचा ‘बास’ दुसऱ्याच्या डोक्यात घुमतो. कानाची ठेवण, वय आणि ऐकण्याची सवय यांनुसार आवड बदलते. हर्मन कंपनीचे संशोधक शॉन ऑलिव्ह व सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या चाचण्या घेऊन बहुसंख्यांना रुचेल असा ध्वनी-आलेख तयार केला. तो ६४ टक्के श्रोत्यांना आवडला. १५ टक्क्यांना बास अधिक, तर २१ टक्क्यांना कमी हवा होता.

इक्वलायझर काय करतो?

तो ठरावीक पट्ट्यातील ध्वनी वाढवतो किंवा घटवतो. डग्ग्याचा घुमार साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, तर शब्दांची स्पष्टता २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते.

काळजी काय घ्यावी?

आवाज मंद असला की कानाला बास मुळातच कमी ऐकू येतो. म्हणून अनेक जण सगळाच आवाज वाढवतात. त्याऐवजी फक्त बास किंचित वाढवावा. तो ६ डेसिबलने वाढवल्यास ‘प्रीअ‍ॅम्प’ तेवढाच कमी करावा, अन्यथा आवाज फाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलची मर्यादा आठवड्याला ४० तास आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला, की ही वेळ निम्मी होते.