चाचणी तुमचा कल सांगते, कच्चं काय ते नाही

शिकवणीतली आठवीची मुलगी परवा म्हणाली, "सर, मी व्हिज्युअल लर्नर आहे, वाचून माझ्या डोक्यात शिरत नाही." ऑनलाइन चाचणीत तसं आलं होतं.

ती चाचणी म्हणजे 'वार्क', न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची. पाहणं, ऐकणं, वाचन-लेखन आणि कृती यांपैकी आपल्याला काय आवडतं, ते ती सांगते. मात्र आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी संशोधन तपासून मांडलं.

माझ्या मते खरी तपासणी अशी: धडा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवा, मग ताडून पाहा.

त्या मुलीने असं करून पाहिलं: हृदयाची आकृती झकास काढली; झडपांची नावं मात्र गायब! आता नेमकं काय करायचं ते तिला ठाऊक आहे.

आठवड्याने हेच पुन्हा करा. काही अडलं तर बिनधास्त विचारा.