पन्नास हर्ट्झचा यंत्रमानव

१९९०च्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जो ‘व्हिडिओ गेम’ आला, तो बहुतेक वेळा एकाच जपानी यंत्राची नक्कल असे. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला. त्याच्या तैवान आणि चीनमध्ये तयार झालेल्या नकला समुराई, मीडिया अशा नाना नावांनी आपल्याकडे विकल्या गेल्या. त्यांत घालायच्या कार्ट्रिजला आपण सगळे ‘कॅसेट’च म्हणत होतो. कॅसेटवर ‘६४ इन १’, ‘९९९९ इन १’ असे आकडे छापलेले असत. नऊ हजारांच्या कॅसेटमध्ये खरे खेळ मोजकेच. बाकीची नावे म्हणजे तेच खेळ, फक्त पुढच्या टप्प्यापासून सुरू होणारे.

मारिओ आणि कॉन्ट्रा अजून सर्वांच्या तोंडी आहेत. त्याच यादीतल्या ‘फॉर्मेशन झेड’ या खेळाविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही. टोकियोच्या जॅलेको कंपनीने तो १९८४ साली नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला आणि पुढच्याच वर्षी फॅमिकॉमवर आणला. माणसाने आत बसून चालवायच्या महाकाय यंत्रमानवाला जपानीत ‘मेका’ म्हणतात. १९७२च्या ‘माझिंगर झेड’पासून १९७९च्या ‘गंडम’पर्यंत आणि १९८२च्या ‘मॅक्रॉस’पर्यंत दूरचित्रवाणी मालिकांनी जपानी मुलांना त्याचे वेड लावले होते. फॉर्मेशन झेड हे त्याच वेडाचे फळ.

खेळ साधा आहे. यंत्रमानव डावीकडून उजवीकडे धावतो, उड्या मारतो, गोळ्या झाडतो. बटण दाबून धरले की गोळीत बळ साठते आणि सोडताच मोठा मारा होतो. एका क्षणात तो विमान होऊ शकतो, पण उडताना ऊर्जा भराभर संपते. मध्येच जमीन संपून समुद्र लागतो आणि तो उडूनच ओलांडावा लागतो. समुद्राआधी ऊर्जा किती राखायची, हाच खेळातला खरा प्रश्न.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मैदानावर तळे, अंगणात शेवाळ, दांडीवर न वाळणारे कपडे. अशा दिवसांत भांगरवाडीतल्या आमच्या घरी, वीज असेल तेवढा वेळ, मी आणि दादा हा खेळ खेळत असू. दादाने एका दोनशेपानी वहीत रकाने आखले होते: तारीख, कोण खेळले, किती गुण, समुद्र पार झाला की नाही. ती वही अजून आहे.

गेल्या पावसाळ्यात मी हा खेळ संगणकावर पुन्हा खेळायला घेतला. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘एम्युलेटर’ म्हणतात; त्यावर तो मूळ जपानी यंत्राप्रमाणे चालतो. चित्रे तीच, शत्रू त्याच क्रमाने येणारे. पण सगळे अंगावर धावून आल्यासारखे. समुद्र ओळखीच्या क्षणाआधीच समोर येऊन ठाकला. दादाला फोन केला तर तो म्हणाला, “अरे, वय झालं आपलं.” वयाचा वाटा असेलही. पण पार्श्वसंगीतसुद्धा घाईत होते आणि संगीताला काही माझे वय कळत नाही.

एम्युलेटरमध्ये यंत्राचा प्रकार निवडता येतो: जपानी-अमेरिकी, युरोपीय आणि तिसरा ‘डेंडी’. रशियात १९९२ साली विकायला आलेल्या अशाच एका नकलेचे हे नाव. तिसरा पर्याय निवडला आणि आमचा खेळ परत आला. तो परत का आला, याचे उत्तर शोधताना मला थेट घाटाखालच्या खोपोलीपर्यंत उतरावे लागले.

हे खेळ सेकंदाने नव्हे, चित्राने वेळ मोजतात. टीव्हीचा पडदा एकदा रंगवून झाला की खेळ एक पाऊल पुढे जातो: यंत्रमानव इतके ठिपके पुढे, गोळी तितके ठिपके पुढे. जपानी टीव्ही सेकंदाला सुमारे साठ चित्रे दाखवत असे, आपला पन्नास. जो खेळ जपानमध्ये एका मिनिटात संपे, त्याला लोणावळ्यात बहात्तर सेकंद लागत.

पन्नास आणि साठ हे आकडे आले विजेवरून. सुरुवातीच्या टीव्ही अभियंत्यांनी चित्रांचा वेग घरातल्या विजेच्या वारंवारतेला बांधून घेतला, कारण दोन्हींचा मेळ नसला की पडद्यावर आडवी काळपट पट्टी सरकत राही. अमेरिकेत वीज साठ हर्ट्झची, युरोपात पन्नासची. भारताने विजेतही आणि टीव्हीतही पन्नासचा आकडा घेतला. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले तेही याच मोजमापावर.

मावळातल्या माणसाला ही पन्नास हर्ट्झची गोष्ट नुसती पुस्तकी राहत नाही. वळवण, शिरवता आणि लोणावळा या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली उतरते आणि खोपोलीत टाटांच्या वीजकेंद्राची चाके फिरवते. मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज पुरवण्यासाठी हे केंद्र १९१५ साली सुरू झाले. आमच्या घरात वीज येई ती राज्य वीज मंडळाची. पण जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक जनित्राला तोच पन्नासाचा ठेका धरावा लागतो. आम्हाला घरात कोंडणारा पाऊस त्या तलावांत साठत होता आणि त्यातून निघणारी वीज ज्या ठेक्यावर चाले, त्याच ठेक्यावर आमचा यंत्रमानव धावत होता.

जपानची गंमत याहून वेगळी. तिथे टोकियोने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकी. म्हणून आजही पूर्व जपानात वीज पन्नास हर्ट्झची आणि पश्चिमेत साठची आहे. १९५३ साली टीव्ही आला तो मात्र देशभर अमेरिकी पद्धतीचा, साठ चित्रांचा. म्हणजे फॉर्मेशन झेड ज्या शहरात बनला, तिथल्या भिंतीतली वीज आमच्यासारखीच होती. टीव्ही तेवढा वेगळा.

आता प्रश्न उरतो तो नकलेच्या कारागिरीचा. साठ चित्रांसाठी लिहिलेला खेळ पन्नासच्या टीव्हीवर जशाच्या तसा चालत नाही. जपानी यंत्राच्या एका चित्रात २६२ आडव्या ओळी, आपल्या पद्धतीत ३१२. यंत्र पडद्यावर चित्र काढत असताना खेळाला चित्रातले तपशील बदलता येत नाहीत. दोन चित्रांमधल्या वीस ओळींइतक्या विसाव्यात ते काम उरकावे लागते. निन्टेन्डोने युरोपसाठी यंत्राची गणिते बदलली, त्यामुळे कित्येक खेळही बदलून घ्यावे लागले. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपमध्ये वेगळी युक्ती आहे. चित्र संपल्यावर तिने पन्नास ओळी नुसत्या रिकाम्या जाऊ दिल्या आणि त्यानंतरच खेळाला ‘चित्र संपले’ असा निरोप दिला. खेळाच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. विसावा तेवढाच राहिला. म्हणून जपानी कॅसेटमधला प्रोग्रॅम एक अक्षरही न बदलता आपल्या टीव्हीवर चालला.

संगीतातही हाच हिशेब दिसतो. सुराची उंची यंत्राच्या घड्याळावर ठरते आणि तैवानी चिपचे घड्याळ मूळ घड्याळापेक्षा एक टक्क्याहूनही कमी मंद आहे. एका सुरानंतर दुसरा कधी वाजवायचा, हे मात्र चित्रे मोजून ठरते. त्यामुळे षड्ज जवळपास तोच, पण लय उतरलेली. गाण्यातल्या माणसाला हा फरक एका आवर्तनात कळेल.

मग आम्ही खेळलो तो खेळ सोपा होता का? हाताला सोपा, हे खरे. शत्रू पडद्याच्या कडेपासून यंत्रमानवापर्यंत तीस चित्रांत पोहोचत असेल, तर जपानी मुलाला अर्धा सेकंद मिळे आणि आम्हाला सहा दशांश सेकंद. पण खेळातला हिशेब बदलला नव्हता. ऊर्जाही चित्रागणिकच घटते, त्यामुळे समुद्र जपानमध्ये जेवढा रुंद तेवढाच आमच्याकडे होता आणि तो ओलांडायला लागणारी ऊर्जाही तेवढीच. दादाच्या वहीतले गुण जपानी विक्रमांशेजारी मांडता येणार नाहीत, पण समुद्र पार झाल्याच्या खुणा ऊर्जेच्या हिशेबापुरत्या पूर्ण खऱ्या आहेत.

यात जपून ठेवण्यासारखे काय, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. जुने खेळ जतन करणारे लोक मूळ जपानी कॅसेट, मूळ यंत्र आणि मूळ वेग जपतात; ते योग्यच आहे. पण भारतातल्या कित्येक मुलांनी हे खेळ मूळ वेगाने कधी पाहिलेच नाहीत. त्यांचा खेळ संथ होता, त्यावर कंपनीचे नाव बहुधा पुसलेले होते आणि यादीत तो भलत्याच आकड्याखाली होता. तो खेळ कोणत्याही मूळ कॅसेटमध्ये सापडणार नाही. तो आपल्याकडच्या नकलांमध्येच आहे आणि नकल म्हणून त्या भंगारात जातात.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून असे एखादे यंत्र खाली आले, तर ते लगेच भंगारवाल्याला देऊ नका. कॅसेटवरच्या चिठ्ठीचा आणि पडद्यावरच्या यादीचा फोटो काढा. यंत्र कोणत्या साली, कोणत्या गावातून, कितीला घेतले, हे घरातल्या मोठ्यांना विचारून कागदावर लिहा. चालू होत असेल तर एखादा खेळ सुरू करून घड्याळ लावा आणि किती सेकंदांत काय घडते ते टिपून ठेवा. आमच्या यंत्राची अशी नोंद मी दादाच्या वहीतल्या पहिल्या कोऱ्या पानावर केली आहे: फॉर्मेशन झेड, लोणावळा, सेकंदाला पन्नास चित्रे.