महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी परवडणाऱ्या लॅपटॉपची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

विद्यार्थ्याच्या हाती स्वस्त संगणक यावा ही कल्पना गेली दोन दशके मांडली जात आहे. २००५ साली निकोलस नेग्रोपोंटे यांनी शंभर डॉलर किमतीच्या लॅपटॉपची योजना जगापुढे ठेवली. २००७ मध्ये या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात एका छोट्या शाळेत झाला. मात्र प्रत्यक्ष उत्पादन सुरू होईपर्यंत यंत्राची किंमत शंभर डॉलरच्या जवळजवळ दुपटीवर गेली होती. पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी भारत सरकारने ‘आकाश’ टॅब्लेटचे अनावरण केले. सात इंचांचा पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट मेमरी असे त्याचे स्वरूप होते. किंमत खरोखरीच अल्प होती, परंतु त्यावर एखादा प्रबंध वाचणे वा निबंध लिहिणे हे काम सुखाचे नव्हते.

या दोन्ही उपक्रमांत किंमत आधी ठरली आणि यंत्र त्या किमतीत बसविण्यात आले. दरवर्षी जून-जुलै महिन्यांत तालुक्याच्या गावातील संगणक-दुकानात नेमके हेच घडते. पालक म्हणतात, ‘पंचवीस हजारांपर्यंत दाखवा’, आणि दुकानदार त्या रकमेत बसेल ते यंत्र पुढे करतो. हा पैसा कधी शिष्यवृत्तीचा असतो, कधी सोयाबीनच्या पट्टीचा, तर कधी दागिना गहाण ठेवून आणलेला असतो. चुकीची निवड झाली तर तीन वर्षांच्या पदवीकाळात दुसरी संधी बहुतेक कुटुंबांना नसते. ‘सर, कोणता घेऊ?’ हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारला जातो असे नाही. मराठी, अर्थशास्त्र, भूगोल अशा सर्वच विभागांतील अध्यापकांना त्याचे उत्तर द्यावे लागते. त्या उत्तरामागे काय विचार असावा, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

‘परवडणारा’ या शब्दाचा अर्थ :

लॅपटॉपची खरी किंमत म्हणजे पावतीवरील आकडा नव्हे, तर तो आकडा भागिले उपयोगाची वर्षे. समजा, एक यंत्र २२,००० रुपयांना मिळाले व दोन वर्षांत निरुपयोगी ठरले. दुसरे ३४,००० रुपयांना घेतले व ते पाच वर्षे चालले. पहिल्याचा वार्षिक खर्च ११,००० रुपये, तर दुसऱ्याचा ६,८०० रुपये होतो. अर्थात, बारा हजारांचा फरक आज खिशात नसेल तर हे गणित कोरडेच राहते. म्हणूनच त्याच रकमेत अधिक वर्षे चालणारे यंत्र कसे ओळखावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रोसेसर : नाव आणि पिढी :

वापरलेल्या लॅपटॉपच्या बाजारात ‘आय-५ आहे’ हे वाक्य सर्वाधिक ऐकू येते. मोठ्या कंपन्या तीन ते पाच वर्षांनी आपली यंत्रे बदलतात आणि ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून दुरुस्त होऊन जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचतात. या यंत्रांची बांधणी बहुधा भक्कम असते आणि काही यंत्रे खरोखर उत्तम असतात. परंतु ‘आय-५’ हे केवळ श्रेणीचे नाव आहे. त्यापुढील क्रमांकावरून पिढी कळते. ‘आय-५ ४३००-यू’ हा चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा प्रोसेसर असून त्यात दोन कोअर आहेत. ‘आय-३ १२१५-यू’ हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा असून त्यात सहा कोअर आहेत. नावाने धाकटा असलेला आय-३ कामात थोरल्याला सहज मागे टाकतो.

येथे केवळ वेगाचा प्रश्न नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी एका वर्षाची मुदतवाढ जाहीर झाली, परंतु तीन वर्षांच्या पदवीला ती पुरणारी नव्हे. विंडोज ११ ला इंटेलच्या बाबतीत, किरकोळ अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सुविधा लागते. परिणामी चौथ्या ते सातव्या पिढीची असंख्य सुस्थितीतील यंत्रे स्वस्तात विक्रीला आली. काही विक्रेते ही अट बाजूला सारून त्यांवर विंडोज ११ घालून देतात. यंत्र सुरू होते, चालतेही. पण पुढील अद्ययावतीकरणाची हमी राहत नाही. विद्यार्थी ज्या यंत्रावरून शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो व बँकेचे व्यवहार करतो, त्याच्या बाबतीत ही जोखीम किरकोळ मानता येणार नाही. सबब, वापरलेले यंत्र घेताना आठव्या पिढीखाली उतरू नये. उतरायचेच झाल्यास त्यावर उबंटूसारखी लिनक्स प्रणाली वापरण्याची मनाची तयारी असावी. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स व लिब्रे-ऑफिसचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत, ही या बाबतीतील मोठी सोय होय.

नव्या यंत्रांतही नावांचा गोंधळ कमी नाही. एएमडी कंपनीचा ‘रायझेन ५ ७५२०-यू’ हा क्रमांक नव्या मालिकेतील वाटतो. परंतु त्यातील तिसरा अंक रचनेचा निदर्शक आहे, आणि तो २ असल्याने आतील रचना २०१९ मध्ये आलेल्या ‘झेन २’ची आहे. लेखन-वाचनासाठी हा प्रोसेसर वाईट नाही. तथापि तो घेताना मेमरीचा विचार आधी करावा लागतो.

मेमरी व साठवण :

या प्रोसेसरला जी मेमरी चालते ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. पुढे ती वाढविता येत नाही. त्यामुळे ८ गिगाबाइटचे यंत्र घेतले की ते अखेरपर्यंत ८ गिगाबाइटचेच राहते. याउलट ज्या यंत्रात मेमरीचा एक खाच-जोड, म्हणजे स्लॉट, रिकामा असतो, तेथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गरजेनुसार भर घालता येते. ‘स्लॉट आहे का?’ हा प्रश्न दुकानात क्वचितच विचारला जातो. वास्तविक यंत्राचे आयुष्य वाढविणारा याहून स्वस्त प्रश्न नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या, त्यामुळे आज आवश्यक तेवढी घेऊन उद्यासाठी जागा राखणे अधिकच इष्ट ठरते. ४ गिगाबाइट मेमरीवर विंडोज ११ चालते असे कंपनीच म्हणते, परंतु प्रणालीच त्यातील निम्म्याहून अधिक भाग व्यापते. उरलेल्यात ब्राउझरची पाच-सहा पाने आणि एक दस्तऐवज उघडला की यंत्र मेमरीतील मजकूर साठवणीवर हलवू लागते व वेग बसतो.

हा वेग किती बसतो, हे साठवणीच्या प्रकारावर अवलंबून असते. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. त्यात शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचे दहा-बारा मिलिसेकंद मिळविले, तर विखुरलेली माहिती सेकंदाला जेमतेम साठ वेळा वाचता येते. संगणक सुरू होताना नेमकी अशीच विखुरलेली वाचने हजारोंनी करावी लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ती सेकंदाला हजारोंच्या संख्येने होतात. ‘लॅपटॉप म्हातारा झाला’ अशी जी तक्रार ऐकू येते तिच्या मुळाशी अनेकदा केवळ ही तबकडी असते. ती बदलून एसएसडी बसविल्यास घरातील थोरल्या भावाचे वा बहिणीचे जुने यंत्रही पुन्हा कामाचे होते. नवीन खरेदीपूर्वी हा पर्याय तपासून पाहावा.

अगदी स्वस्त नव्या यंत्रांत ‘ईएमएमसी’ प्रकारची ६४ गिगाबाइट साठवण असते. ती मोबाइलमधील जुन्या प्रकारच्या साठवणीसारखी असून मदरबोर्डलाच जोडलेली असते. प्रणाली, तिची अद्ययावतीकरणे आणि दोन-चार सॉफ्टवेअर यांनीच ती भरत येते. वर्षभरात ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश झळकू लागतो आणि बदलण्यास काही उरत नाही. अशा यंत्रापेक्षा चांगल्या स्थितीतील वापरलेले यंत्र केव्हाही श्रेयस्कर.

पडदा, कळफलक आणि मराठी :

इंग्रजी मार्गदर्शिकांत न आढळणारा एक मुद्दा मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय असतात. १३६६ × ७६८ बिंदूंच्या पडद्यावर लहान अक्षरांत ‘र्कि’ आणि ‘र्किं’ यांतील भेद डोळ्यांना ताण देतो. मुद्रितशोधनात अनुस्वार निसटतात. १९२० × १०८० बिंदूंचा, शक्यतो ‘आयपीएस’ प्रकारचा पडदा असल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. भाषाविभागाच्या विद्यार्थ्याने प्रोसेसरमध्ये एक पायरी खाली उतरावे, पण पडद्यात उतरू नये.

देवनागरी छापलेला कळफलक मात्र आवश्यक नाही. इनस्क्रिप्ट मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असून ती विंडोज व लिनक्स दोहोंत अंगभूत आहे. काही दिवसांच्या सरावाने ती हातात बसते. जुन्या डीटीपी पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेले लेखन तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांत उमटते. साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते मराठी म्हणून ओळखता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनंतर प्रबंधाची अशी तपासणी अटळ झाली आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून युनिकोड वापरण्याची सवय लावणे योग्य. त्यासाठी खर्च शून्य आहे.

ज्ञानशाखेनुसार गरज :

कला शाखेसाठी ८ गिगाबाइट मेमरी, २५६ गिगाबाइट एसएसडी व चांगला पडदा पुरेसा आहे. वाणिज्य शाखेत टॅली शिकावयाचे असल्याने विंडोज हवी. केवळ ब्राउझरवर चालणारी यंत्रे तेथे अडचणीची ठरतात. संगणकशास्त्रात अँड्रॉइड स्टुडिओसारखी साधने वापरताना ८ गिगाबाइट अपुरी पडते. तेथे १६ गिगाबाइटचे किंवा वाढविता येणारे यंत्र घ्यावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बहुसंख्य विद्यार्थ्यांना लागत नाही. ‘अभ्यासासाठी’ म्हणून त्याचा आग्रह धरला गेल्यास त्यामागे बहुधा खेळ असतात, हे पालकांना सौम्य शब्दांत सांगण्यास हरकत नसावी!

व्यवहारातील काही बाबी :

प्रवेश झाल्याबरोबर लॅपटॉप घेण्याची घाई आवश्यक नसते. पहिल्या सत्रात महाविद्यालयाची प्रयोगशाळा वापरून गरज नेमकी कळते आणि दिवाळीच्या सुमारास सवलतीही मिळतात. ‘नो कॉस्ट’ हप्त्यांच्या योजनेत प्रक्रिया-शुल्क आकारले जाते आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांतील व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात घेतली होती. रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी लिहून पाहिली की चित्र स्पष्ट होते.

लहान गावातील खरेदीदाराने हमीचा प्रकार विचारून घ्यावा. यंत्र घेऊन सेवाकेंद्रात जावे लागणार असेल आणि केंद्र शंभर किलोमीटरवर असेल, तर प्रत्येक बिघाडास दोन दिवस व प्रवासखर्च जोडला जातो. घरी येऊन दुरुस्तीची हमी थोडी महाग असली तरी फायद्याची. वापरलेले यंत्र घेताना बिजागऱ्या, चार्जरचे टोक बसते ती जागा आणि सर्व कळा स्वतः तपासाव्यात. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची अंगभूत सोय आहे. त्यात बॅटरीची मूळ क्षमता व सध्याची क्षमता शेजारी दिसतात. सध्याची क्षमता निम्म्यावर आली असल्यास नव्या बॅटरीची रक्कम किमतीतून वजा करण्याचा आग्रह धरावा. भारनियमनाच्या भागात तर हा अहवाल प्रोसेसरइतकाच निर्णायक आहे. पक्की पावती घ्यावी व तीवर यंत्राचा अनुक्रमांक असावा. चोरीचा माल टाळण्याचा तोच सोपा उपाय.

विभागांनी करावयाचे काम फार मोठे नाही. प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विभागाने आपल्या अभ्यासक्रमास लागणारी किमान क्षमता एका पानावर लिहून सूचनाफलकावर लावावी. त्यात कंपनीचे नाव नसावे. केवळ पिढी, मेमरी, स्लॉट, साठवण व पडदा यांचे आकडे असावेत. संगणक विभागाने आठवड्यातून एक तास राखून ठेवल्यास विद्यार्थी वापरलेले यंत्र पैसे देण्यापूर्वी तपासून घेऊ शकतील. ज्यांना यंत्र घेणे शक्यच नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयाच्या बुक बँकेच्या धर्तीवर लॅपटॉप सत्रभर देता येतील. प्रयोगशाळेतून निवृत्त होणाऱ्या, परंतु एसएसडी बसविल्यावर चालणाऱ्या यंत्रांवर लिनक्स घालून अशी सुरुवात पाच-दहा संचांनीही करता येते. जडसंग्रह नोंदवहीतून ती यंत्रे निर्लेखित करण्याऐवजी ग्रंथालयाकडे वर्ग केल्याची नोंद तेवढी करावी लागेल.