जागराचे पेय

इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात एकादशीच्या रात्री भजनाला बसण्यापूर्वी आजी जायफळ घातलेली कॉफी करी. "घे, डोळा लागायचा नाही," एवढेच म्हणे. पुढे कॉफीचा इतिहास वाचताना तिचे ते बोलणे आठवून मौज वाटली. कारण या पेयाचा पहिला खात्रीचा उल्लेख मिळतो तो १५ व्या शतकातील येमेनच्या सुफींचा. रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून ते कॉफी घेत!

झाड मूळचे इथिओपियाच्या नैर्ऋत्य डोंगरांतले. फळे खाऊन बकऱ्या नाचू लागल्या ही कथा गोड खरी, पण ती छापली गेली १६७१ मध्ये, तीही रोमला. मला तीत फारसा राम वाटत नाही. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने वैद्यांच्या साक्षी काढून कॉफीवर बंदी घातली. लोक रात्री जमून बोलत बसतात, हेच त्याला खुपले असावे. कैरोहून आलेल्या हुकमाने ती बंदी पुढे सैल झाली.

आपल्याकडे १७ व्या शतकात बाबा बुडन यांनी मोखाहून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, असे परंपरा सांगते. मलबारची रोपे मग डचांनी जावाला नेली.

आजीला यातले काही ठाऊक नव्हते. तिच्या डब्यातली पूड कुठून येई, हे मीही कधी विचारले नाही.