नव्या लेखकाचें स्वागत

राजपुतान्यांतील बुंदी संस्थानानें १८९४ सालीं आपलीं टपाल-तिकिटें काढलीं. त्यांवर राजाचें मुख नाहीं, कट्यार आहे. आणि कडांना भोकें नसल्यामुळें तीं कात्रीनें कापून घ्यावीं लागत. एखाद्या संग्राहकानें वीस वर्षें भिंग घेऊन या कट्यारींचे बारीकसारीक भेद पारखलेले असतात, आणि एके दिवशीं त्याला वाटतें कीं, हें सारें ‘विकिपीडिया’ या संगणकावरील सार्वजनिक विश्वकोशांत घालावें.

हा कोश जानेवारी २००१ मध्यें निघाला. त्याची मराठी आवृत्ति २००३ पासूनची. त्यापूर्वीं त्याच मंडळींनीं ‘न्यूपीडिया’ नांवाचा कोश तज्ज्ञांच्या सात पायऱ्यांच्या तपासणीनें चालविला होता. पहिल्या वर्षांत त्यांतून जेमतेम वीसएक लेख बाहेर पडले. म्हणून नवी रीत निघाली: वाटेल त्यानें लिहावें, वाटेल त्यानें सुधारावें. दार उघडें ठेविलें कीं चिखलहि आंत येतो. जाहिराती, थापा, आत्मस्तुति उपसतां उपसतां जुने स्वयंसेवक पहारेकरी बनले.

आतां हा संग्राहक लेख लिहितो. घटकाभरानें पाहतो तों त्यावर शेरा: ‘आधार नाहींत, उल्लेखनीयता सिद्ध नाहीं, काढून टाकावा.’ नियम चुकीचा नव्हे. विषयाची दखल इतरांनीं विश्वसनीय ग्रंथांत घेतलेली असावी, एवढाच त्याचा अर्थ. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें कितीहि खरें असलें तरी वाचकाला तें पडताळतां येत नाहीं. दोष असतो तो बोलण्याच्या तऱ्हेंत. इंग्रजी आवृत्तींतील नियमित लेखकांची संख्या २००७ मध्यें शिगेला पोंचून पुढें बरींच वर्षें घटत गेली. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत त्याचें एक कारण हेंच आढळलें कीं, सद्हेतूनें लिहिणाऱ्या नवख्यांचें लेखन, पुष्कळदां यंत्राच्या साहाय्यानें, तडकाफडकी पुसलें जात होतें. आणि ‘नवख्यांना चावूं नका’ असें कलम त्याच कोशाच्या नियमांत आहे! २०१२ सालीं तेथें नवख्यांच्या शंकांसाठीं ‘चहाघर’ उघडण्यांत आलें. पाहुण्याला आधीं चहा, मग कामाचें बोलणें, ही रीत आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाहीं.

जाणता संपादक असा लेख पुसण्याऐवजीं मसुद्याच्या पानावर हलवितो, आणि शेऱ्याच्या जागीं प्रश्न लिहितो: ‘हे भेद कोणत्या सूचींत नोंदलेले आहेत?’ हा प्रश्न संग्राहकाला नेमका कळतो. पुस्तकें त्याच्याच कपाटांत असतात: स्टॅन्ली गिबन्सची जाडजूड सूची, संग्राहक-मंडळांचीं जुनीं मासिकें. पहारेकऱ्याजवळ हीच वस्तु नसते. संग्राहक त्या रात्रीं सूची उघडून बसतो आणि एकेका कट्यारीपुढें पृष्ठांक लिहूं लागतो.